जांघेतलं दुखणं: तरुण वयात खुबा दुखतो तेव्हा

"नक्की कुठे दुखतंय?" असं विचारलं की गुडघा दुखणारा माणूस गुडघ्यावर बोट ठेवतो. खुबा दुखणारा माणूस बोट ठेवत नाही, तो पंजा लावतो. अंगठा मागे कुल्ल्यावर, बाकीची बोटं पुढे जांघेत, आणि मधल्या बेचक्यात कमरेखालची बाजू धरून तो म्हणतो, "इथे, आत कुठेतरी." त्या पंजाचा आकार इंग्रजी 'सी' अक्षरासारखा होतो, म्हणून हाडांचे डॉक्टर याला 'सी खूण' म्हणतात. ही खूण ओळखायला मशीन लागत नाही. रुग्ण बोलत असताना त्याच्या हाताकडे बघावं लागतं, एवढंच.

आपल्याकडे या दुखण्याची पहिली अडचण भाषेची आहे. 'खुबा' हा चांगला, नेमका मराठी शब्द आता आजी-आजोबांच्या पडण्यापुरताच उरलाय. पंचविशीतला मुलगा "कंबर दुखते" म्हणतो किंवा "हिप दुखतो" म्हणतो. कंबर म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे मणका येतो आणि हिप म्हटलं की कुल्ला. दुखत असतो तो या दोन्हींपेक्षा वेगळा, जांघेच्या आत खोल बसलेला सांधा. मग मणक्याचा एक्स-रे निघतो, मणक्याचा एमआरआय होतो, आणि त्यात एखादी चकती किंचित सरकलेली सापडतेच, कारण ती निरोगी माणसातही बऱ्याचदा सापडते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं वर्षभर चालतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत २००६ साली ६६ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या सगळ्यांच्या खुब्यातली लेब्रम नावाची कड फाटलेली होती. त्यांतल्या ९२ टक्के लोकांना जांघेत दुखत होतं. तरी खरं निदान व्हायला सरासरी २१ महिने लागले आणि तोवर सरासरी तीनपेक्षा जास्त तज्ज्ञ पालथे घालून झाले होते. काहींना तर भलत्याच जागेची शस्त्रक्रिया सुचवली गेली होती.

तेव्हापासून चित्र बरंच बदललंय, पण बदलताना दुसऱ्या टोकालाही गेलंय. पूर्वी "तरुण आहेस, स्नायू आखडला असेल" म्हणून घरी पाठवत. आता एमआरआयच्या अहवालात 'टेअर' हा शब्द दिसला की दुसऱ्याच दिवशी ऑपरेशनची चौकशी सुरू होते. या दोन्ही चुका टाळता येतात. त्यासाठी खुब्याच्या कोणत्या दुखण्यात एक आठवडाही घालवायचा नाही आणि कोणत्या दुखण्याला निवांत तीन महिने द्यायचे, हे कळलं पाहिजे.

उखळ, कुकरची रिंग आणि फुगलेलं दार

शाळेच्या पुस्तकात खुब्याला 'उखळीचा सांधा' म्हटलेलं असतं. कमरेच्या हाडात एक खोलगट वाटी आणि तिच्यात मांडीच्या हाडाचा गोळा. दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचं अस्तर. वाटीच्या कडेला सगळीकडून एक रबरी पट्टी बसवल्यासारखी असते, ती लेब्रम. तिचं काम समजायला प्रेशर कुकरची रिंग आठवा. रिंग नीट बसली की वाफ आत राहते. तसं लेब्रममुळे सांध्यातलं वंगण आत कोंडून राहतं आणि दोन हाडांमध्ये त्याची पातळ गादी तयार होते. कूर्चेला संवेदना नसते, लेब्रमला असते. म्हणून कूर्चा गुपचूप झिजते, आणि लेब्रम मात्र कळवळून सांगते.

गोळा आणि मांडीचं हाड यांच्यामध्ये एक बारीक मान असते. गोळ्याला मिळणारं बहुतेक रक्त या मानेवरून चढणाऱ्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांतून येतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे शल्यविशारद राइनहोल्ड गांझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक निबंध लिहिला आणि तरुणांच्या खुब्याकडे बघण्याची दृष्टीच बदलली. तोवर चाळिशीत खुबा झिजलेला दिसला की बऱ्याचदा 'कारण अज्ञात' असं लिहून मोकळं होत. गांझ म्हणाले, यातल्या अनेकांच्या हाडाचा आकारच मुळात थोडा वेगळा आहे आणि तो प्रत्येक हालचालीला सांधा घासतोय. पावसाळ्यात फुगलेलं लाकडी दार आठवा. नुसतं उभं असताना दाराला काही होत नाही, पण लावताना एका ठरावीक कोपऱ्यात ते चौकटीला घासतं. वर्षानुवर्षं घासत राहिलं की तिथला रंग जातो आणि मग लाकूड जातं. खुब्यात याचे दोन प्रकार असतात. एकात गोळा पुरता गोल नसतो, मानेला मिळतो तिथे हाडाचा उंचवटा असतो. त्याला 'कॅम' म्हणतात. मांडी पोटाशी घेऊन आत वळवली की हा उंचवटा वाटीत घुसतो आणि कडेची कूर्चा आतून सोलत नेतो. दुसऱ्या प्रकारात वाटीची कडच गोळ्यावर जास्त पुढे आलेली असते, तो 'पिन्सर'. पुष्कळ लोकांत दोन्ही थोडे थोडे असतात. या घासण्याला एफएआय, किंवा बोलताना नुसतं इम्पिंजमेंट म्हणतात.

उलट बाजूचा दोष म्हणजे वाटी उथळ असणं, डिसप्लेजिया. हा बायकांमध्ये जास्त आढळतो. इथे घासण्यापेक्षा निसटण्याचा प्रश्न असतो. लहान वाटीवर सगळं वजन पडतं, गोळा कडेकडे सरकू बघतो आणि लेब्रम त्याला धरून ठेवता ठेवता फाटते. वाटी किती झाकते हे एक्स-रेवर एका कोनाने मोजतात. तो १९३९ मध्ये विबर्ग यांनी सांगितला आणि आजही वापरात आहे. २० अंशांहून कमी म्हणजे उथळ, २५ च्या वर ठीक, ४० च्या वर म्हणजे झाकण जास्त. २० ते २५ मधला पट्टा डॉक्टरांचीही कसोटी बघतो, आणि खरे वाद तिथेच होतात. शरीर फार लवचिक असलेल्या मुली नृत्यात, योगासनांत कौतुकाचा विषय असतात. त्यांच्यापैकी कोणाला जांघेत दुखायला लागलं तर "अजून स्ट्रेचिंग कर" हा सल्ला उलटा पडू शकतो. आधीच सैल असलेला सांधा ताणून घट्ट होत नाही.

चित्र म्हणजे निदान नव्हे

खुब्यात दुर्बीण घालायचं पहिलं काम न्यूयॉर्कच्या मायकल बर्मन यांनी १९३१ मध्ये मृतदेहांवर केलं. गोळा आणि वाटी यांच्यामध्ये सुई घालणं अशक्यच आहे असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. पुढे पाय ओढून धरणारी टेबलं आली, लांब अवजारं आली, आणि गांझ यांच्या निबंधानंतर तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांना पूर आला. जगभर उंचवटे घासले जाऊ लागले, कडा शिवल्या जाऊ लागल्या.

मग प्रश्न उभा राहिला की ज्यांना काहीच दुखत नाही त्यांचे खुबे कसे दिसतात? २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खुब्याची अजिबात तक्रार नसलेल्या ४५ जणांचे एमआरआय काढले. सरासरी वय ३८ च्या आसपास. त्यातल्या ६९ टक्के लोकांची लेब्रम फाटलेली निघाली. शंभरातल्या सत्तर माणसांत काही त्रास न देता असलेली फट हीच तुमच्या दुखण्याचं कारण आहे, हे निव्वळ फिल्म बघून कोण सांगू शकेल? हा आकडा मला प्रत्येक एमआरआय केंद्राच्या प्रतीक्षागृहात लावावासा वाटतो.

२०१६ मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिक इथे अनेक देशांचे शल्यविशारद, फिजिओ, क्रीडावैद्य आणि रुग्णही एकत्र बसले आणि त्यांनी एक साधी अट घातली. आता आजाराचं नाव एफएआय सिंड्रोम, आणि तीन गोष्टी जुळल्या तरच ते द्यायचं. रुग्णाला त्रास हवा, तपासणीत खुणा हव्यात, आणि चित्रात आकार हवा. एकटं चित्र पुरत नाही. रोजच्या व्यवहारात या अटीने माझ्या मते कोणत्याही नव्या मशीनपेक्षा जास्त लोकांना वाचवलंय.

तपासणी कशी होते? पाठीवर झोपवून डॉक्टर तुमची मांडी पोटाशी आणतात, गुडघा विरुद्ध बाजूच्या खांद्याकडे ढकलतात आणि पाऊल बाहेर नेतात. जांघेत नेहमीचं ओळखीचं दुखणं उठलं तर संशय सांध्यावर जातो. ही चाचणी पकडायला उत्तम, पण नाव सांगायला कच्ची आहे. ती करताना दुखलं नाही तर सांधा संशयातून बऱ्यापैकी सुटला. दुखलं म्हणून लगेच एफएआय ठरत नाही. मग पाय आत-बाहेर किती वळतो ते दोन्ही बाजूंना मोजतात, चालताना बघतात, एका पायावर उभं करून कंबर कुठे झुकते ते बघतात, पोट आणि मांडीचे स्नायू जोर लावून तपासतात. हे सगळं करायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. कपडे न बदलता, टेबलावर न झोपता झालेली खुब्याची तपासणी ही तपासणीच नव्हे.

पहिलं चित्र साध्या एक्स-रेचं. पण तो दोन्ही खुबे एकत्र दिसतील असा पुढून, शक्यतो उभं राहून काढलेला, आणि शिवाय कॅमचा उंचवटा दिसेल अशा बाजूच्या कोनातून आणखी एक. नुसता पुढचा एक्स-रे काढला तर कॅम लपून राहतो. एमआरआय नंतर. शस्त्रक्रियेचा विचार पक्का होत असेल तर हल्ली सीटी स्कॅनवरून हाडाची त्रिमितीय प्रतिकृती करतात आणि मांडीचं हाड स्वतःभोवती किती पिळलेलं आहे तेही मोजतात, कारण उंचवटा घासून गुळगुळीत केला आणि पीळ तसाच राहिला तर दुखणंही तसंच राहतं. तरीही शंका उरली तर सोनोग्राफीत बघत बघत सांध्यात बधिरतेचं इंजेक्शन देतात. पुढचे काही तास जिना चढा, उकिडवे बसा, जे केल्याने दुखायचं ते करून बघा. दुखणं गायब झालं तर मूळ सांध्यात आहे. तसंच राहिलं तर दुसरीकडे शोधा. ही जुनी युक्ती आहे आणि अजूनही भारी आहे.

इथे थांबायचं नाही

एफएआयची चर्चा पाश्चात्त्य देशांतून आली, म्हणून तीच पुढे असते. महाराष्ट्रात मात्र तरुण माणसाची जांघ दुखत असेल तर आधी दुसऱ्याच एका आजाराचा विचार करावा लागतो. गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो आतून मरायला लागणं, म्हणजे एव्हीएन. लोक त्याला 'खुबा सुकणं' म्हणतात. मानेवरून चढणाऱ्या त्या बारीक रक्तवाहिन्या इथे दगा देतात.

याची मोठी कारणं तीन. बराच काळ किंवा मोठ्या प्रमाणात घेतलेली स्टेरॉइडं, दारू, आणि खुब्याला झालेली जबर दुखापत. आपल्याकडे चौथं कारणही ठळक आहे: सिकलसेल. विदर्भ आणि नंदुरबारच्या पट्ट्यात, जिथे हा रक्ताचा आजार बराच आढळतो, तिथे विशीतल्या मुलाच्या जांघेतल्या दुखण्याकडे 'वाढीचं दुखणं' म्हणून बघणं परवडणारं नाही. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी नेमक्या अशाच बारीक वाहिन्यांत अडकतात. कोविडनंतर या यादीत नवी भर पडली. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये चाळिशीच्या आतल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. कोविडसाठी स्टेरॉइडं घेतल्यानंतर सरासरी दोन महिन्यांच्या आत त्यांच्या खुब्यात एव्हीएन दिसला होता, आणि स्टेरॉइडचा एकूण डोस पूर्वी धोक्याचा मानला जायचा त्याहून बराच कमी होता. कोविडमध्ये स्टेरॉइडने असंख्य जीव वाचवले, ते द्यायलाच हवं होतं. पण नंतर जांघ दुखली तर तो धागा आठवायला हवा. अंगदुखीवर, दम्यावर किंवा वजन वाढवायला म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्येही स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. तेव्हा "मी कधी स्टेरॉइड घेतलं नाही" हे उत्तर देण्याआधी त्या पुड्याही डॉक्टरांना सांगा.

या आजाराची खरी चाल अशी की सुरुवातीला एक्स-रे अगदी स्वच्छ येतो. एमआरआयमध्ये मात्र तो तेव्हाच दिसतो. आणि निम्म्याहून अधिक रुग्णांत दुसरा खुबाही धरलेला असतो, न दुखता. गोळा गोल असेपर्यंत त्यात ड्रिलने बोगदे पाडून दाब कमी करणं, मूळ कारण थांबवणं, असे उपाय हातात असतात. हाड खचू नये म्हणून काही डॉक्टर बिस्फॉस्फोनेट गटातली औषधंही देतात. मुंबईत यावर बरंच काम झालंय, आणि याच्या उपयोगाबद्दल डॉक्टरांत मतभेदही आहेत. एकदा गोळा खचला, चेपला, की मात्र बहुतेकांची वाट सांधा बदलण्याकडेच जाते. खचण्याआधीचे ते काही महिने दुखण्याच्या गोळ्यांवर काढणं हे या विषयातलं सर्वांत वाईट नुकसान आहे.

दुसरी घाईची गोष्ट म्हणजे हाडाच्या मानेला पडणारी तड, स्ट्रेस फ्रॅक्चर. पोलीस भरतीचं मैदान जवळ आलं की गावोगावी पहाटे मुलं-मुली धावायला लागतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर ठरावीक वेळेत मारायचे असतात, आणि अनेक जण वर्षभर काही न करता शेवटच्या दोन महिन्यांत डांबरी रस्त्यावर जीव तोडून धावतात. तीच गोष्ट जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी डिसेंबरमध्ये जागे होणाऱ्यांची. हाड नव्या भाराला सरावायला आठवडे घेतं, त्याआधीच भार दुप्पट झाला तर त्यात केसासारखी तड जाते. लक्षण एकच: धावताना जांघेत दुखतं, थांबलं की कमी होतं, आणि दर आठवड्याला ते लवकर सुरू व्हायला लागतं. मानेच्या खालच्या बाजूची लहान तड कुबड्या आणि विश्रांतीने भरते. वरच्या बाजूची तड मात्र अचानक पूर्ण तुटू शकते, आणि तुटली की पुन्हा त्या रक्तवाहिन्यांचा प्रश्न येतो. म्हणून तिला बहुधा लगेच स्क्रू घालतात. अशा मुलाला "पेनकिलर घे आणि भरती मार" असं सांगणाऱ्याला आपण काय पणाला लावतोय याची कल्पना नसते. मुलींमध्ये पाळी अनियमित होणं किंवा थांबणं हीसुद्धा हाडाची तक्रारच समजावी. पोटात अन्न पुरेसं जात नाही, म्हणून शरीर एकेक खातं बंद करत चाललंय, असा त्याचा अर्थ बऱ्याचदा असतो.

बाकीचे थोडक्यात. रात्री दुखून जाग येते, हलका ताप आहे, वजन उतरतंय, तर क्षयाची शंका घ्यावी. हाडांच्या क्षयात मणक्यानंतर खुब्याचाच नंबर लागतो. सकाळी उठल्यावर अर्धा तास अंग लाकडासारखं, हालचाल केली की मोकळं, आणि विश्रांतीने उलट वाढणारं दुखणं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा. तो मणका आणि खुबा धरणारा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस असू शकतो. आणि दहा ते सोळा वर्षांचा, विशेषतः वजनदार मुलगा लंगडत "गुडघा दुखतो" म्हणाला आणि गुडघ्यात काहीच सापडलं नाही, तर त्याच दिवशी खुब्याचा एक्स-रे काढा. वाढीच्या चकतीवरून, म्हणजे हाड जिथून वाढतं त्या कूर्चेच्या थरावरून, गोळा घसरत असताना बऱ्याच मुलांना दुखणं गुडघ्यातच जाणवतं. इथे एक दिवसही महत्त्वाचा असतो.

जांघेतले स्नायू

कबड्डी, खो-खो, फुटबॉल, कुस्ती खेळणाऱ्यांची जांघ दुखते तेव्हा पुष्कळदा दोष सांध्याचा नसतोच. २०१४ मध्ये दोह्यात झालेल्या बैठकीत तज्ज्ञांनी खेळाडूंच्या जांघदुखीची विभागणी सोपी केली. मांडी आत ओढणारे स्नायू, मांडी वर उचलणारा खोल स्नायू, पोटाखालची जांघेची भिंत, ओटीपोटाखालचं पुढचं हाड (जघनास्थी), आणि मग खुद्द खुबा. दाबून कुठे दुखतं आणि कोणता जोर लावल्यावर दुखतं यावरून ते ओळखायचं.

या स्नायूंच्या उपचारातला एक प्रयोग मला फार आवडतो. डेन्मार्कमध्ये १९९९ मध्ये पेर होल्मिश यांनी तो प्रसिद्ध केला. जांघ दुखणाऱ्या ६८ खेळाडूंचे दोन गट केले. एकाला लेझर, विजेचे झटके, मालिश, ताणणं. दुसऱ्याला आठ ते बारा आठवडे मांडी आणि पोट बळकट करणारे व्यायाम. व्यायामाच्या गटातले २३ जण न दुखता पूर्वीच्या पातळीवर खेळायला परतले. मशीनच्या गटातले फक्त ४. या गोष्टीला पंचवीस वर्षं उलटली, तरी आजही कितीतरी ठिकाणी फिजिओथेरपी म्हणजे पॅड लावून पंधरा मिनिटं पडून राहणं असाच अर्थ आहे. पैसे देऊन तेवढंच मिळत असेल तर दुसरा फिजिओ शोधा.

नॉर्वेत तर यापुढचं पाऊल पडलं. ३५ फुटबॉल संघांच्या चाचणीत 'कोपनहेगन' नावाचा एकच व्यायाम नेहमीच्या सरावात घातला. एका कुशीवर होऊन वरचा पाय जोडीदाराने धरायचा आणि मांडीच्या आतल्या बाजूच्या जोराने अंग उचलायचं. एवढ्याने जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी घटला. याला ना पैसा लागतो ना साहित्य, फक्त जोडीदार लागतो. आपल्या कबड्डीच्या मैदानांवर तो उद्या सुरू करता येईल.

ऑपरेशन की व्यायाम

आता समजा तिन्ही अटी जुळल्या आणि एफएआय सिंड्रोम ठरला. ब्रिटनमधल्या २३ रुग्णालयांत ३४८ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना दुर्बिणीची शस्त्रक्रिया, अर्ध्यांना फिजिओच्या देखरेखीखाली ठरवून दिलेला व्यायाम. शंभर गुणांच्या मोजपट्टीवर वर्षभरात शस्त्रक्रियेचा गट साधारण ३९ वरून ५९ वर आला, व्यायामाचा ३६ वरून ५० वर. हिशेब बसवला तर शस्त्रक्रिया सुमारे ७ गुणांनी पुढे. दोन्ही गट सुधारले, शस्त्रक्रियेचा थोडा जास्त. हेही बघा की शंभराच्या जवळ कोणत्याच गटाची सरासरी गेली नाही. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या ब्रिटिश चाचणीतही शस्त्रक्रियेचंच पारडं जड दिसलं.

मी यातून असं समजतो की ऑपरेशन खोटं नाही आणि जादूही नाही. आधी किमान तीन महिने नीट व्यायाम, यावर आता बहुतेक तज्ज्ञांचं एकमत आहे. नीट म्हणजे कुल्ल्याचे, मांडीचे, पोटाचे स्नायू वजन वाढवत वाढवत बळकट करणं, आणि त्या काळात सांधा ज्या कोनात घासतो तो कोन टाळणं. आपल्या घरात तो कोन सगळीकडे असतो: मांडी घालून पंगत, उकिडवं बसणं, खोल सोफा, बाईकवर पाय टाकणं. थोडे दिवस खुर्ची उंच करा, सोफ्यावर उशी घाला, जिममध्ये बैठक अर्ध्यावर थांबवा. हे कायमचं नाही. ताकद आली की बहुतेक गोष्टी परत मिळतात.

तीन महिन्यांनीही अडलं तर शस्त्रक्रियेचा विचार करावा, आणि तीही गेल्या पंधरा वर्षांत बरीच शहाणी झाली आहे. पूर्वी फाटलेली लेब्रम कापून टाकत, आता ती शिवतात, कारण रिंग काढून टाकल्यावर कुकर कुकर राहत नाही. पूर्वी सांध्याच्या पिशवीला पाडलेलं भोक तसंच सोडत, त्याने काहींचा सांधा सैल झाला. आता ते बंद करतात. वाटी उथळ असेल तर दुर्बिणीने नुसती कड शिवून भागत नाही. तिथे बर्नमध्येच १९८४ पासून सुरू झालेली मोठी शस्त्रक्रिया लागते, वाटीभोवतीचं हाड कापून तिची दिशाच वळवायची. आणि कूर्चा आधीच झिजली असेल, सांध्यातली फट २ मिलिमीटरहून कमी उरली असेल, तर दुर्बीण नकोच. तिचा उपयोग होत नाही आणि वर्षभरात सांधा बदलायची वेळ येऊ शकते.

डॉक्टरांना विचारायचा खरा प्रश्न "यशाचं प्रमाण किती" हा नाही, कारण यश म्हणजे काय हे ज्याचं त्याचं असतं. डेन्मार्कमध्ये अशा शस्त्रक्रियेनंतर १८९ खेळाडूंना विचारलं तेव्हा सुमारे ५७ टक्के आपल्या जुन्या खेळात जुन्या पातळीवर परतलेले होते. पण आपला खेळ पूर्वीसारखा सर्वोत्तम होतो असं म्हणणारे एकूणात फक्त १७ टक्के होते. तुम्हाला न दुखता राजगड चढायचा आहे की राज्य संघात परत जायचं आहे, ते आधी ठरवा आणि मग आकडे विचारा. कुबड्या काही आठवडे, हळू धावणं साधारण तीन महिन्यांनी, खेळ चार ते सहा महिन्यांनी किंवा त्यानंतर, असा हिशेब धरून नोकरी-परीक्षेचं वेळापत्रक आखा. शस्त्रक्रियेत पाय ओढून धरलेला असतो, त्यामुळे मांडीच्या कातडीला किंवा दोन पायांमधल्या भागात काही दिवस बधिरपणा येऊ शकतो. हे आधी सांगितलं नाही तर लोक नाहक घाबरतात.

ब्रिटिश टेनिसपटू अँडी मरेचं उदाहरण इथे उपयोगी आहे, कारण त्याने काहीच लपवलं नाही. जानेवारी २०१८ मध्ये मेलबर्नला त्याच्या खुब्यावर शस्त्रक्रिया झाली, पण दुखणं गेलं नाही. वर्षभराने तिथेच पत्रकारांसमोर तो रडला, मोजे-बूट घालतानाही दुखतं असं म्हणाला. त्याच महिन्यात लंडनमध्ये त्याच्या गोळ्यावर धातूची टोपी बसवली आणि वाटीतही धातूचं अस्तर घातलं. याला रिसरफेसिंग म्हणतात. जूनमध्ये त्याने क्वीन्सची दुहेरी जिंकली, ऑक्टोबरमध्ये अँटवर्पची एकेरी, आणि तो थेट २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत खेळला. धातूवर धातू घासून रक्तात कण उतरण्याचा धोका असल्याने ही पद्धत सर्वांना चालत नाही, बायकांमध्ये आणि लहान हाडांत तर ती जास्त फसली आहे. पण एव्हीएनने किंवा संधिवाताने ज्यांचा सांधा तिशीतच संपला, त्यांच्यासाठी पूर्ण सांधा बदलणं ही आता शिक्षा उरलेली नाही. २०१९ मध्ये जुन्या नोंदी एकत्र करून काढलेल्या हिशेबात ५८ टक्के कृत्रिम खुबे २५ वर्षं टिकलेले दिसले, आणि ते बरेचसे जुन्या प्लॅस्टिकचे होते. "साठीपर्यंत कसंही ढकल" असं सांगून एखाद्या कमावत्या माणसाची तीस वर्षं लंगडण्यात घालवण्याला आता आधार नाही.

हाड घडत असताना

राहिला एक मुद्दा, आणि तो पालकांसाठी आहे. कॅमचा उंचवटा जन्मतः नसतो. नेदरलँड्समधल्या किशोर फुटबॉलपटूंचे एक्स-रे दोन-अडीच वर्षांच्या अंतराने काढले तेव्हा तो वाढीच्या वयात हळूहळू तयार होताना दिसला, आणि वाढीची चकती बंद झाल्यावर त्याचं वाढणं थांबलं. स्वित्झर्लंडच्या बास्केटबॉलपटूंतही न खेळणाऱ्या मुलांपेक्षा तो जास्त सापडला. म्हणजे वाढत्या हाडावर वर्षभर, आठवड्यातून अनेकदा, उड्या आणि वळणांचा तोच तोच भार पडला की हाड स्वतःला त्या भाराप्रमाणे घडवतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला अकादमीत सकाळ-संध्याकाळ एकच खेळ, शनिवार-रविवार सामने आणि सुट्टीत शिबिर असं वेळापत्रक असेल, तर त्यातून एक हंगाम दुसऱ्या खेळासाठी मोकळा काढा. पोहू दे, मल्लखांब करू दे, नुसतं गल्लीत खेळू दे. आणि खाली बसताना पाय बाहेर टाकूनच बसतोय, मांडी घालायला टाळतोय असं दिसलं तर त्याला पाठीवर झोपवा आणि गुडघा पोटाशी आणून दोन्ही पाय आत-बाहेर सारखे वळतात का, ते बघा.